सावित्रीकाठचा रविवार

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटलं की पहिलं वाक्य बहुधा इमारतीचं असतं. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, स्लॅब कधी पडला, रंगाला किती खर्च आला. आपल्या बाबतीत ती सुरुवात चालणार नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बहुतेक बुद्धविहारांच्या भिंती वंदनेनंतर कितीतरी वर्षांनी उभ्या राहिल्या. आधी वार ठरला, मग माणसं जमली, जागा सगळ्यात शेवटी मिळाली. म्हणून विहारांची यादी मी इथे देत नाही. भारतीय बौद्ध महासभेच्या कामातली जी गोष्ट वाडीवाडीत दिसते आणि जिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, त्या रविवारच्या सामुदायिक वंदनेबद्दल लिहितो.

जुनं पंचांग काढून बघा. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तो शनिवार-रविवार होता. चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं तो रविवार. त्याच वर्षी मनुस्मृती जळली ती २५ डिसेंबरला, तोही रविवारच. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५, रविवार. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६, पुन्हा रविवार. नागपूरला अशोक विजयादशमी होती म्हणून तो दिवस आला, ते सोडा. डिसेंबरच्या परिषदेलाही नाताळाच्या सुट्टीचा आधार असेल. पण महाडची मार्चमधली परिषद शनिवार-रविवार धरून का भरली, याचं उत्तर मला गिरणीच्या भोंग्यात दिसतं.

आपल्या भागातले कितीतरी पुरुष तेव्हा मुंबईत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत किंवा म्युनिसिपालटीत. हक्काचा मोकळा दिवस एकच. तोही फुकट मिळालेला नव्हता. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही एक कारण लोखंड्यांनी मागणीत घातलं होतं. त्या सुट्टीत पुढच्या दोन पिढ्यांनी काय काय बसवलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. जातपंचायती, भजनं, कुस्त्या, सभा, परिषदा. रविवारी माणसं मोकळी असतात एवढं साधं भान असल्याशिवाय चळवळ उभी राहत नाही.

बौद्ध परंपरेत मात्र रविवार नाही. तिथे उपोसथ आहे, पौर्णिमा-अमावस्या आणि अष्टमी, चंद्राच्या हिशेबाने येणारे दिवस. महाडच्या वेशीवर, गांधारी नदी सावित्रीला मिळते त्या अंगाला, पाले गावाच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या शिलालेखांत कुमार काणभोज विष्णुपालित याचं नाव आहे, आणि एका लेखात लेण्याबरोबर शेतही दान दिल्याची नोंद आहे. शेताच्या उत्पन्नावर पूजेचा खर्च चालावा, ही सोय. दासगाव-महाड खाडीतून येणारा माल, घाट चढणारे तांडे, त्यांच्यातले दाते आणि डोंगरातले भिक्खू असा तो संसार होता. त्या काळी इथे उपोसथ पाळला जात असणार. मग तो धागा तुटला, आणि मध्ये इतकी शतकं गेली की गावाला ती लेणी पांडवांची वाटू लागली. विसाव्या शतकात वंदना परत आली ती उपोसथाची वाट धरून आली नाही. तिने रविवार धरला.

दर रविवारी, ठरल्या वेळी, सगळ्यांनी एकत्र बसायचं, सोबत म्हणायचं आणि मग एकाचं प्रवचन ऐकायचं, ही पद्धत आपल्या मुलखाला दिसली ती सावित्रीच्याच मुखाशी. बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे होतं. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांनी बाणकोट आणि हर्णे इथे ठाणी केली, शाळा काढल्या, मराठी शिकले. ज्यांच्या नावाने मुंबईचं विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सनही १८२९ मध्ये आल्या आल्या मराठीसाठी याच किनाऱ्यावर काही महिने होते. जेम्स मिचेल, जॉन स्टीव्हन्सन ही मंडळी पुढे पुण्याकडे गेली आणि दक्षिण कोकणातलं ते काम आवरलं. चर्च इथे रुजलं नाही. उलट घाटावर, अहमदनगरच्या बाजूला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या खेडोपाडी पसरल्या. तिथे पाळक महिन्या-दोन महिन्यांनी येणार, एरवी रविवारची उपासना गावच्या शाळेतला ख्रिस्ती मास्तरच चालवणार. एक मंडळी आणि तिची दहा गावं, अशी ती रचना होती. इमारत नसली तरी अडत नसे. कीर्तनही त्यांनी उपासनेत घेतलं आणि नारायण वामन टिळकांसारखा कवी त्यांना मिळाला.

मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो ३१ मार्च १८६७ रोजी. वार पुन्हा रविवार. डॉ. आत्माराम पांडुरंग, पुढे रानडे, भांडारकर. मूर्ती नाही, पण रविवारची उपासना आहे, पद्य आहे, प्रवचन आहे. पुढे विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला शिकून आले आणि याच समाजाचे प्रचारक झाले. ही सगळी सुशिक्षितांची उपासना. गिरगावातल्या मंदिरात काय चाललंय ते चाळीतल्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी एक गोष्ट महाराष्ट्राच्या सवयीत आली होती. देवळात एकेकट्याने जाऊन नमस्कार करून परतणं वेगळं, आणि सगळ्यांनी एका सतरंजीवर तासभर बसणं वेगळं.

आपल्या समाजाला मात्र देवळाचीच बंदी होती, त्यामुळे सतरंजीची सवय आपली आपणच केलेली. कबीरपंथी होते, वारकरी माळकरी होते. रात्री पखवाज, टाळ, एकतारी. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ चं. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा बरोबरच्या सभासदांना ते सोसवलं नाही. त्यांच्याच नात्यातले, लाडवलीत जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे १९२७ च्या परिषदेच्या आयोजनात पुढे होते. माणसं जमवायची कशी, निरोप पोचवायचे कसे, शिधा गोळा करायचा कसा, याचा सराव आपल्या वाड्यांना धर्मांतराच्या किती आधीपासून होता ते यावरून कळावं. डिसेंबर १९२७ मध्ये मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तेव्हा मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरली आणि तिथून महाडपर्यंत चालत गेली. मंडपाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली.

आता मुद्द्यावर येतो. सामुदायिक वंदना ही आपोआप पडलेली चाल नाही. ती विचारपूर्वक घातलेली आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचं भवितव्य या विषयावर लिहिलं. त्यात त्यांचा रोख हा की बौद्धांना एक सोपा, हाती धरता येईल असा ग्रंथ हवा आणि भिक्खूने ख्रिस्ती मिशनऱ्यासारखं लोकांत मिसळून काम करायला हवं. १९५४ मध्ये ब्रह्मदेशातल्या बौद्ध शासन मंडळासाठी त्यांनी टिपण केलं तेव्हा आणखी स्पष्ट मांडलं. गृहस्थांसाठी दीक्षेचा विधी हवा, गृहस्थांतलेच प्रचारक नेमायला हवेत आणि विहारांत दर रविवारी सामुदायिक उपासना होऊन तिच्यानंतर प्रवचन व्हायला हवं. ही कलमं वाचताना कळतं की त्यांनी चर्चची यंत्रणा बारकाईने पाहिली होती. घेण्यासारखं दिसलं ते संकोच न करता घेतलं. धर्म टिकतो तो साप्ताहिक सवयीवर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यातले काही जण अजूनही विचारतात की रविवार कशाला, तो तर ख्रिश्चनांचा वार. त्यांना हे टिपण दाखवावं.

४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा मुंबईत नोंदली गेली. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्ध केलेली ‘बौद्ध पूजापाठ’ ही छोटी पुस्तिका आली. मग ऑक्टोबरात दीक्षा, आणि दोन महिनेही झाले नाहीत तोवर ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर चितेसमोरच भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखोंना दीक्षा दिली. कोकणातला मुंबईकर मोठ्या संख्येने तिथेच बौद्ध झाला, आणि पुढच्या महिन्यांत तो ती दीक्षा गावी घेऊन आला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख बौद्ध नोंदले गेले. दहा वर्षांपूर्वी हा आकडा अडीच हजारांच्या आत होता. नेता गेलेला, ग्रंथ नुकताच छापलेला, भिक्खू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि २८ लाख माणसं. यांना दर आठवड्याला कोण सांभाळणार? यशवंतराव उर्फ भैय्यासाहेब आंबेडकरांनी महासभेची धुरा घेतली तेव्हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न हा होता.

गावाकडे तेव्हा काय घडलं ते थोरांच्या तोंडून प्रत्येक वाडीत थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतं. देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले. गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं तर आधीच सोडलं होतं. त्यामुळे गावाशी संबंध ताणले, कुठे वाट अडवली, कुठे मजुरी बंद झाली. या ताणातच वंदना सुरू झाली, कोणाच्या तरी ओटीवर, कंदिलाच्या उजेडात. एका फळीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचं कॅलेंडरवरचं चित्र. पाली कोणालाच येत नव्हती. ज्याला मुंबईत चार ओळी पाठ झाल्या तो म्हणायचा, बाकीचे मागून. त्या काळी कानावरून शिकलेल्या गाथांचे उच्चार काही वयस्क बायांच्या तोंडात अजून तसेच आहेत. शिबिरात शिकून आलेली नात आजीचा ‘णा’ सुधारायला जाते आणि आजी ऐकून घेत नाही. माझं मत आजीच्या बाजूचं आहे.

ज्या गृहस्थ प्रचारकाची कल्पना टिपणात होती तो आपल्याकडे बौद्धाचार्य या नावाने आला. महासभेच्या श्रामणेर शिबिरात दहा दिवस चीवर घालून राहायचं, विनय शिकायचा, मग बौद्धाचार्याची परीक्षा द्यायची आणि परत येऊन शिक्षक, क्लार्क, गवंडी, एसटी कंडक्टर, जे असेल ते करत गावचे संस्कार चालवायचे. लग्न, नामकरण, गृहप्रवेश, जलदान, पुण्यानुमोदन, सगळं त्याच्याकडे. एप्रिल-मे महिन्यात त्याचा एकही रविवार मोकळा नसतो. सकाळी विन्हेरेच्या बाजूला लग्न, दुपारी पोलादपूरपलीकडे दुसरं, आणि संध्याकाळच्या वंदनेला तो धापा टाकत येतो. पुढे महिलांची धम्म उपासिका शिबिरं सुरू झाली आणि आपल्या दोन तालुक्यांत तरी रविवार टिकवण्याचं काम हळूहळू बायांच्या हातात गेलं. याची नोंद अहवालांत कमी आहे. अहवाल पुरुष लिहितात, एवढंच त्याचं कारण.

एक साधा रविवार बघू. सकाळी विहार झाडून, फरशी पुसून सतरंज्या पडतात. पंचशील ध्वजाची दोरी पावसाने फुगलेली असते, ती सोडवायला एखादा पोरगा वर चढतो. पांढऱ्या साड्या पुढे, पांढरे सदरे मागे, आणि नेहमीप्रमाणे उशिरा येणारे दारापाशी. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, अगरबत्ती, ताटात जास्वंद, मोगरा, जे परसात असेल ते. मग त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा, त्रिरत्न वंदना, भीमस्मरण, भीमस्तुती, शेवटी धम्मपालन गाथा आणि सरणत्तयं. वीस-पंचवीस मिनिटांचा मामला. लहान मुलं मूळ पाली धडधड म्हणतात आणि मराठी अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात. नंतर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मधलं एखादं प्रकरण वाचलं जातं. वाचणारा चांगला असेल तर सभा बसून राहते, नाहीतर खिडकीबाहेर कोणाची बकरी शिरली याची चर्चा सुरू होते.

आणि मग खरी बैठक. सूचना. पाण्याच्या टाकीची वर्गणी कोणाची राहिली. जयंतीच्या खर्चाचा हिशेब अजून का नाही. कोणाच्या मुलीचा दहावीचा निकाल, त्याला टाळ्या. कोण आजारी, त्याच्याकडे संध्याकाळी कोण जाणार. कोणाचा सातबारा अडकला, तहसीलला ओळख कोणाची. वंदनेला फक्त गाथा म्हणायला यावं, राजकारण-हिशेब नको, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ज्या वाड्यांत हिशेबाची भांडणं विहारात झाली तिथली वंदना टिकली. जिथे ती बाहेर पारावर झाली तिथे विहाराला कुलूप लागलं.

आपल्या संस्थेचं दुसरं अंग मुंबईत आहे, आणि त्याच्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहतो. प्रत्येक वाडीची दोन मंडळं, स्थानिक आणि मुंबईचं. बीडीडी चाळीतली, नायगाव-परळमधली खोली हे मुंबई मंडळाचं पहिलं कार्यालय. गिरण्या गेल्या तशी माणसं नालासोपारा, दिवा, बदलापूर, पनवेलकडे सरकली आणि महिन्याच्या सभेचं ठिकाणही त्यांच्यामागे फिरलं. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा आणि गट, महासभेच्या जिल्हा-तालुका-ग्राम शाखा, आणि वाडीचं मंडळ, असे तीन हिशेब एकाच माणसाच्या डायरीत असतात. या तिन्हींचं कधी कधी पटत नाही, तेही सांगितलं पाहिजे. पण विहारांच्या दर्शनी भिंतीवरचा ग्रॅनाइटचा फलक वाचा. नाव, रक्कम, आणि पत्ता बहुतेक मुंबईचा. ज्याने पाच हजार एक दिले त्याने त्या वर्षी ओव्हरटाइम किती केला असेल हे फलकावर येत नाही. त्याच फलकात एक गोम आहे. विहार मे महिन्याच्या गर्दीच्या मापाने बांधलेला असतो. बुद्धपौर्णिमेला दोनशे माणसं मावत नाहीत, आणि ऑगस्टमध्ये त्याच दालनात सहा बायका आणि दोन म्हातारे बसलेले असतात. स्लॅब एवढा मोठा घालण्यापेक्षा शिकवणारा माणूस ठेवला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. पण दगडावर नाव कोरता येतं, शिकवणाऱ्यावर येत नाही.

ऑगस्टचं सांगितलं कारण वर्षावासाची मोठी अडचण तीच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने. पूर्वी पावसात भिक्खू एका जागी थांबत म्हणून उपासकांना सवड होई आणि धम्म ऐकायला मिळे. कोकणात नेमकं उलटं. पावसात भिक्खूला सवड, उपासक मात्र गुडघाभर चिखलात. आषाढात लावणी, आश्विनात कापणी. त्यामुळे वर्षावासाची प्रवचनमालिका आपल्याकडे रात्रीची. जेवणं आटोपून आठ-साडेआठला, आणि वीज गेली नसेल तर. बिरवाडीच्या अंगाला औद्योगिक वसाहत आल्यापासून आणखी एक गोष्ट बदलली. केमिकल कारखान्यातल्या पोराला शिफ्ट असते, त्याची सुट्टी रविवारी येईलच असं नाही. ज्या दिवसासाठी लोखंडे झगडले तो दिवस त्याच्या वाट्याला महिन्यातून एखाद्या वेळी येतो. काही वाड्यांनी त्याच्यासाठी वंदना संध्याकाळवर नेली. ज्यांनी सकाळचीच धरून ठेवली तिथे तरुण दिसत नाहीत.

पुराचं लिहायलाच हवं. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१, गुरुवार, महाड शहर पाण्याखाली गेलं, तळियेवर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे घरं गाडली गेली. शनिवारी, २४ तारखेला, आषाढ पौर्णिमा होती. म्हणजे वर्षावासाचा पहिला रविवार आला तेव्हा पुराच्या पट्ट्यात घराघरात गाळ होता, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. त्या रविवारी वंदनेसाठी बसायला कोरडी सतरंजीच नव्हती. पण रविवारची सवय उपयोगाला आली. कोणत्या वाडीत किती माणसं, कोण म्हातारं एकटं आहे, कोणाला इन्सुलिन लागतं, ही माहिती दर आठवड्याला एकत्र बसणाऱ्यांना तोंडपाठ असते. मुंबई मंडळांचे टेम्पो आले ते तांदूळ, चटया, मेणबत्त्या, फिनाईल घेऊन. आधी फोटो, मग वाटप, असं काही ठिकाणी झालं, ते विसरू.

त्याच्या आदल्या वर्षी, टाळेबंदीत, वंदना मोबाईलवर गेली. बायकांनी नातवंडांकडून लिंक उघडायला शिकून घेतलं. सगळ्यांचे माईक चालू, गाथा एकमेकांच्या मागेपुढे, मध्येच कोणाच्या कुकरची शिट्टी. त्यातून एक निघालं ते टिकलं. दिव्यातला, बदलापुरातला, कोणी आखातातला, आणि वाडीतला माणूस एकाच वेळी बसू लागला. काही मंडळांनी महिन्यातली एक वंदना अजून तशीच ठेवली आहे.

बाकीच्या रविवारी माणूस समक्षच लागतो, आणि तो मुंबईहून यायचा तर महामार्गाने. चौपदरीकरण इतकी वर्षं चाललंय की त्याच्या सुरुवातीला शाळेत असलेली मुलं आता मंडळाचे सचिव झाली आहेत. शनिवारी रात्री निघालेली गाडी माणगावात अडकली की नऊची वंदना साडेदहाला सुरू होते, आणि बौद्धाचार्य गुरुजी दारात उभे राहून घड्याळ बघतात, कारण पुढच्या वाडीत त्यांना पुण्यानुमोदनाला अकराची वेळ दिलेली असते.